१७७६ सीसी बीटलचा क्लच: मूळ ताकदीचा घ्यावा की जड प्रेशर प्लेटचा?

कोलशेतकर ६३

नमस्कार. माझ्याकडे १९६३ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. गाडी मूळची १२०० सीसीची आणि सहा व्होल्टची. पण माझ्या काकांनी ती विकत घेतली तेव्हाच तिच्यात १६०० सीसीचे ड्युअल पोर्ट इंजिन आणि बारा व्होल्टची वायरिंग बसवलेली होती. गिअरबॉक्स मात्र मूळचाच आहे. गेल्या वर्षी इंजिनाचे काम निघाले, तेव्हा ८५.५ मिलिमीटरच्या जागी ९०.५ मिलिमीटर व्यासाचे बॅरल-पिस्टन घातले आणि स्ट्रोक ६९ मिलिमीटरच ठेवला, म्हणजे इंजिन १७७६ सीसीचे झाले. सोबत किंचित तेज कॅमशाफ्ट आणि दोन कार्ब्युरेटर बसवले. क्लचला त्या वेळी हात लावला नाही, कारण मिस्त्री म्हणाले, "चालतोय तोवर चालू द्या", आणि खर्च ठरवलेल्या आकड्याच्या पुढे केव्हाच गेलेला असल्यामुळे मलाही ते सोयीचे वाटले.

आता क्लच घसरू लागला आहे. घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र तिथेच रेंगाळते, आणि वर पोहोचेपर्यंत जळका वास येतो. सकाळी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत हा त्रास जवळजवळ होत नाही.

गाडीचा वापर असा आहे. आठवड्यातून दोन दिवस मी तिने कोलशेतहून माजिवडा, कळवा पूल आणि विटावा या मार्गाने ऐरोलीला कामाला जातो. रविवारी पहाटे पाम बीच रस्त्यावर एक फेरी होते आणि वर्षातून दोन-तीनदा लोणावळा. शर्यत वगैरे काही नाही. माझा डावा गुडघा फारसा विश्वासाचा राहिलेला नाही, हेही सांगून ठेवतो.

मला तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले. एकाने १७०० पौंड दाबाची परदेशी प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) मागवायला सांगितले. दुसऱ्याने, "मागवायचीच तर २१०० पौंडांची मागवा, पुढची चिंता नको," असे सुचवले. तिसऱ्याच्या मते आहे त्याच क्लच प्लेटला नवे लाइनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, मारून घेतले की काम भागेल. यांतले कोणते बरोबर, आणि प्लेटची निवड नेमकी कोणत्या हिशेबाने करायची, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पारसिकवासी, बेलापूर

आपल्या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न राहून गेला आहे असे मला वाटते. हा क्लच इंजिनाची ताकद वाढल्यामुळे घसरतो आहे, की त्याला दुसरेच काही झाले आहे? कारण जो क्लच थंड असताना पकडतो आणि गरम झाल्यावर सोडतो, त्याच्याबाबतीत मला आधी तेलाचा, मग झिजेचा आणि मग केबलच्या जुळणीचा संशय येतो. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, या यादीत सर्वांत शेवटी येतो.

हिशेब करून पाहू. मूळ १६०० ड्युअल पोर्ट इंजिनाचा टॉर्क मिनिटाला २८०० फेऱ्यांना साधारण १०६ न्यूटन-मीटर असतो. निव्वळ आकारमानाच्या प्रमाणात वाढवला तर १७७६ सीसीला तो ११९ च्या आसपास येईल. कॅम आणि कार्ब्युरेटर यांच्यामुळे १३० झाला असे म्हणू, आणि आपल्या समाधानासाठी १४० धरू. क्लचने यापेक्षा निदान दीडपट टॉर्क न घसरता पेलावा अशी अपेक्षा ठेवली, तर गरज २१० न्यूटन-मीटरची होते.

आता प्लेट पाहा. आपल्या इंजिनावर बारा व्होल्टचे, म्हणजे १३० दात्यांचे फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकावरचे जड चाक) असणार आणि त्यावर २०० मिलिमीटरची प्लेट. (सहा व्होल्टच्या फ्लायव्हीलला १०९ दाते असतात आणि त्यावर १८० मिलिमीटरची प्लेट बसते. आपले तसे निघाले, तर मात्र पुढचा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी फ्लायव्हील बदला.) लाइनिंगची बाहेरची त्रिज्या १०० आणि आतली सुमारे ६५ मिलिमीटर धरली, तर सरासरी त्रिज्या ८२.५ मिलिमीटर येते. प्लेटला दोन बाजू असल्यामुळे घर्षण दोनदा मिळते. चांगल्या कोरड्या लाइनिंगचा घर्षणांक ०.३ च्या आसपास असतो. तापल्यावर तो उतरतो म्हणून ०.२५ च धरू. टॉर्क म्हणजे दाब, घर्षणांक, सरासरी त्रिज्या आणि दोन बाजू यांचा गुणाकार. उलटे गणित केले, तर २१० न्यूटन-मीटरसाठी लागणारा दाब ५१०० न्यूटनच्या जवळ, म्हणजे साधारण ५२० किलो येतो. १७०० पौंड म्हणजे ७७० किलो. त्या दाबाला हाच क्लच ३१० न्यूटन-मीटर पेलेल, म्हणजे आपल्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक. २१०० पौंडांना ३८० च्या पुढे. एवढा टॉर्क आपले इंजिन कुठून आणणार?

हे गणित ढोबळ आहे, पण निर्णयाला पुरेसे आहे. सुस्थितीतील मूळ दर्जाची २०० मिलिमीटरची प्रेशर प्लेट आणि नवी ऑरगॅनिक क्लच प्लेट रस्त्यावरच्या १७७६ सीसीला पुरते, असाच या इंजिनांवर काम करणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

आता जड प्लेट घेतली तर बिघडते काय, हे सांगतो, कारण "जास्त असले तर चांगलेच" या समजुतीने बीटलचे जेवढे नुकसान झाले आहे तेवढे खड्ड्यांनीही झाले नसेल. प्रेशर प्लेटचा दाब वाढला की तो उघडण्यासाठी लागणारा जोरही वाढतो, आणि तो जोर आपल्या पावलापासून क्रँकशाफ्टपर्यंत प्रत्येक भागातून जातो: पेडलचा आकडा, टनेलमधली (गाडीच्या तळाच्या मधोमध असलेल्या पोकळ उंचवट्यातली) केबल, गिअरबॉक्सवरचा लीव्हर, आतला आडवा शाफ्ट, रिलीज बेअरिंग. शेवटी बेअरिंग प्रेशर प्लेटला दाबते, तेव्हा फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट दोन्ही पुलीच्या दिशेने ढकलले जातात. तो धक्का सोसायला फ्लायव्हीलजवळचे पहिल्या क्रमांकाचे एकच मेन बेअरिंग आहे, आणि ते मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या केसमध्ये बसलेले आहे, लोखंडात नव्हे. क्रँकशाफ्टचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ०.०७ ते ०.१५ मिलिमीटर असावा लागतो. कापूरबावडीच्या सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहण्याची सवय आणि वर २१०० पौंडांची प्लेट, हे दोन्ही एकत्र आले तर ते बेअरिंग आणि त्याची बैठक किती दिवस टिकेल?

म्हणून काही मागवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पेडल हाताने दाबून पाहा. जोर लागण्यापूर्वी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असली पाहिजे. ती शून्य असेल तर बेअरिंग सतत टेकलेले राहून प्लेट अर्धवट उघडी राहते, आणि मग कोणतीही प्रेशर प्लेट घसरेलच. दुसरी, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालच्या बाजूला तेल आहे का ते पाहा, आणि असल्यास बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास लपत नाही. तो असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील गेले आहे, नसेल तर इंजिनाच्या बाजूचे. तिसरी, इंजिन बंद असताना क्रँकची पुली दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढून पाहा. स्पष्ट 'टक' ऐकू आली तर एंड प्ले वाढलेला आहे.

पाम बीच पहाट

वरचे गणित मला मान्य आहे, पण निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. माझ्याकडे १९१४ सीसीचे इंजिन आहे, म्हणजे ९४ मिलिमीटरचे बॅरल, आणि त्यावर चार वर्षे केनेडी कंपनीची १७०० पौंडांची प्रेशर प्लेट आहे. त्याआधी दोन मूळ दर्जाच्या प्लेटा मी वर्ष-दीड वर्षात संपवल्या. १७०० पौंडांची प्लेट बसवल्यापासून क्लच एकदाही घसरलेला नाही. कागदावर घर्षणांक ०.२५ धरता येतो. पण खारघरच्या बाजूने भर उन्हात, चार माणसे आणि सामान घेऊन, वाहतुकीत सरकत जाणाऱ्या गाडीच्या प्लेटवर तो किती उरतो हे कोण मोजते? थोडा राखीव दाब असावा, असे माझे मत आहे.

मात्र प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या चार वर्षांत माझी क्लच केबल दोनदा तुटली, आणि एकदा टनेलच्या आत केबलच्या नळीचे वेल्डिंग सुटले. ती नळी पुन्हा जोडण्यासाठी टनेलला खिडकी कापावी लागली, आणि ते काम करणाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही. पहिल्यांदा केबल तुटली ती सानपाड्याच्या सिग्नलला. इंजिन बंद करून, पहिला गिअर टाकून, स्टार्टरनेच गाडी उचलून, पुढचे गिअर फेऱ्या जुळवून बदलत मी घरी पोहोचलो. हे जमते, पण त्याचा अभिमान बाळगावा असे त्यात काही नाही.

२१०० पौंडांच्या सल्ल्याकडे आपण लक्ष देऊ नये, याबाबत मी वरील सदस्यांशी सहमत आहे. ती प्लेट टर्बो लावणाऱ्यांची आणि शर्यतवाल्यांची आहे. तसेच तांब्याच्या किंवा सिंटर्ड धातूच्या तुकड्यांची क्लच प्लेट कोणी सुचवली, तर घेऊ नका. ती एकतर सुटलेली असते नाहीतर पकडलेली. मधले काही तिला कळत नाही. सोसायटीच्या रॅम्पवर गाडी चढवताना शेजारी खिडकीत येतात.

लेथवाला, वागळे इस्टेट

दोन्ही बाजू वाचल्या. दाब किती असावा यावर पुष्कळ लिहिले गेले, पण माझ्या टेबलावर जी कामे येतात त्यांतली निम्मी दाबामुळे बिघडलेली नसतात, जुळणीमुळे बिघडलेली असतात. म्हणून काही गोष्टी लिहितो.

आपला गिअरबॉक्स १९६३ चा आहे. १९७१ च्या आधीच्या बीटलमध्ये रिलीज बेअरिंग आडव्या शाफ्टच्या फोर्कवर क्लिपांनी अडकवलेले असते. त्याला सरळ सरकायला मार्गदर्शक नळी नसते, त्यामुळे ते किंचित कमानीत फिरून प्रेशर प्लेटपर्यंत येते. म्हणून त्या काळच्या प्रेशर प्लेटच्या मधोमध एक सपाट कडी असते आणि बेअरिंग त्या कडीवर टेकते. १९७१ पासून गिअरबॉक्सवर नळी आली, बेअरिंग तिच्यावर सरळ सरकू लागले आणि कडी गेली. बाजारात 'बीटलची २०० मिलिमीटर' म्हणून दोन्ही प्रकार मिळतात, आणि दोन्ही प्रकार आपल्या फ्लायव्हीलवर निमूटपणे बसतात. चूक झाली हे इंजिन गाडीत चढवल्यावरच कळते. अनेक वर्षांपूर्वी ही चूक माझ्याच हातून झाली होती. बिनकडीची प्लेट जुन्या गिअरबॉक्सपुढे बसवली, बेअरिंग थेट तिच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर तिरके घासू लागले, आणि तीनच दिवसांत गाडी ओढत परत आली. तेव्हा इंजिनाचे वय विसरा, गिअरबॉक्सचे वय पाहा आणि कडीवालीच प्लेट मागा. केनेडीची घ्या नाहीतर सॅक्सची, हा नियम दोघींनाही लागू आहे.

याच गिअरबॉक्सबद्दल आणखी एक. सहा व्होल्टच्या बेलहाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या कवचात) बारा व्होल्टचे मोठे फ्लायव्हील बसवण्यासाठी आतून थोडे घासून जागा करावी लागते. ते काम काकांच्या आधीच्या मालकाने केले असेलच, पण इंजिन खाली आल्यावर टॉर्च मारून फ्लायव्हीलच्या दात्यांचे घासल्याचे चट्टे आहेत का ते बघा. कित्येकदा 'क्लचचा आवाज' म्हणून आलेल्या गाडीत हेच निघते.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर ते फेस करून, म्हणजे लेथवर सपाट कापून, घ्यावे लागते. इथे एक सूचना लेथवाल्याला तोंडी न देता कागदावर लिहून द्या: प्लेट जिथे घासते ते पृष्ठ जेवढे कापले, तेवढेच प्रेशर प्लेट जिथे बोल्टने बसते ते पृष्ठही कापायचे. फक्त घासण्याचे पृष्ठ कापले तर दोन्हींमधली पायरी बदलते आणि प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो. मग गिऱ्हाईक म्हणते की प्लेट नकली निघाली. तसेच, 'पिकअप वाढतो' म्हणून फ्लायव्हील हलके करायला सांगू नका. मूळ फ्लायव्हील साधारण ८ किलोचे असते आणि विटाव्याच्या रांगेत ते वजनच आपल्याला हाफ क्लचपासून वाचवते.

फ्लायव्हील क्रँकशाफ्टला चार डोवेल पिना आणि मधल्या एका मोठ्या ग्लँड नटाने धरलेले असते. तो ३६ मिलिमीटरचा नट सुमारे ३४३ न्यूटन-मीटरला, म्हणजे ३५ किलोग्रॅम-मीटरला आवळायचा असतो. हाताने, पान्याला पाइप लावून, 'आता बास' असे म्हणून तो आकडा येत नाही. टॉर्क मल्टिप्लायर वापरा किंवा ज्याच्याकडे मोठा टॉर्क पाना आहे त्याला बोलवा. पिनांची भोके लांबट झाली असतील तर आठ पिनांचे काम करून घ्यावे लागेल. ती गोल असतील तर आपल्या वापराला चार पुरतात. ग्लँड नटाच्या आत सुईचे बेअरिंग असते, त्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक फिरते. त्याला बोटाच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावा. जास्त लावले तर ते उडून प्लेटवरच येते.

राहता राहिला लाइनिंगचा प्रश्न. माझ्या ओळखीचे दोन कारागीर हे काम अजूनही उत्तम करतात, आणि ट्रकच्या प्लेटांसाठी मी त्यांच्याकडेच पाठवतो. पण बीटलची प्लेट पातळ असते. तिच्या दोन लाइनिंगांमध्ये लहरी आकाराची पोलादी पत्री असते, आणि क्लच हळुवार पकडतो तो त्या पत्रीमुळे. जुन्या प्लेटमध्ये ती पत्री दबून सपाट झालेली असते. तिच्यावर कितीही चांगले लाइनिंग मारले, तरी गाडी धक्का देऊनच उठणार. मधल्या स्प्रिंगाही तेवढ्याच जुन्या. एकदा इंजिन उतरवल्यावर नवीच प्लेट घाला, आणि ती मध्ये स्प्रिंगा असलेलीच घ्या. बिनस्प्रिंगची, घट्ट मध्याची प्लेट हलकी असते आणि गिअर झटपट पडतात, पण प्रत्येक झटका थेट गिअरबॉक्सला बसतो, आणि आपला गिअरबॉक्स साठ वर्षांचा आहे.

कोलशेतकर ६३

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या तिन्ही तपासण्या आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये केल्या. पेडलची मोकळी चाल शून्य निघाली. लीव्हरवरचा पंखांचा नट सैल करून ती १५ मिलिमीटर केली आणि गायमुखपर्यंत जाऊन आलो. घसरणे कमी झाले, थांबले नाही. बेलहाउसिंगच्या खाली तेल आहे. त्याला उग्र वास नाही, म्हणजे ते इंजिनाचेच असावे. पुली ओढल्यावर 'टक' असा आवाज येतो, पण तो किती आला म्हणजे जास्त समजायचा हे मला ठरवता आले नाही.

आता इंजिन उतरवायचेच आहे. एक शंका उरते. तेल येत असेल तर इंजिनाच्या बाजूला ते नेमके कुठून येते, आणि एकदा तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन चालते का?

पारसिकवासी, बेलापूर

प्लेट धुऊन चालत नाही. लाइनिंग तेल शोषून घेते. धुतल्यावर वरचे जाते, आणि पहिल्यांदा तापली की आतले बाहेर येते. आपला क्लच सकाळी पकडत होता आणि नंतर सोडत होता, त्याचे कारण बहुधा हेच आहे.

तेल येण्याच्या जागा तीन. पहिली म्हणजे फ्लायव्हीलमागचे मोठे सील. दुसरी, फ्लायव्हीलच्या आतली ओ-रिंग, जी सील बदलताना पुष्कळ जण जुनीच ठेवतात. तिसरी, कॅमशाफ्टच्या टोकाशी केसमध्ये बसलेले झाकण. केस उघडून पुन्हा जोडताना त्याला सीलंट नीट लागले नसेल तर ते झिरपते, आणि दोष मात्र सीलला दिला जातो. आपल्या इंजिनात नुकतीच नवी कॅम बसवली आहे, त्यामुळे तिथे अवश्य पाहावे.

आणि एंड प्ले कानाने मोजू नका. फ्लायव्हील बसवून, डायल गेज लावून मोजा. तो जास्त असेल तर फ्लायव्हीलच्या आतले तीन शिम (पातळ चकत्या) बदलून जुळवता येतो. शिम तीनच हवेत. दोन जाड घालून जमवण्याचा मोह आवरावा. एंड प्ले जास्त असताना नवे सील घातले, तर क्रँकच्या पुढे-मागे होण्याने तेही फार टिकत नाही.

पाम बीच पहाट

तेल निघाले म्हटल्यावर मी माझा राखीव दाबाचा मुद्दा मागे घेतो. तेलकट प्लेटवर १७०० पौंडांची प्रेशर प्लेट लावली असती, तर काही महिने सगळे ठीक वाटले असते आणि मग हाच प्रश्न पुन्हा आला असता, फक्त जास्त खर्चाने. माझ्या आधीच्या दोन प्लेटा कशाने गेल्या होत्या, हा विचारही आता डोक्यात आला आहे; त्या वेळी मी सील बघितले नव्हते.

इंजिन उतरलेले असतानाच केबल नवी घाला आणि टनेलच्या टोकापासून गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटपर्यंतची लवचिक नळी, म्हणजे बाउडन ट्यूब, तीही बदला. माझ्या अनुभवाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

कोलशेतकर ६३

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. इंजिन उतरवले. (रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जॅकवर शंभर किलोंहून जड इंजिन पाहून सचिवांनी नियमावली काढली, दुपारी त्याच सचिवांनी स्वतः येऊन अर्धा तास टॉर्च धरला.)

सापडले ते असे. क्लच प्लेट इंजिन ऑइलने काळी पडलेली होती आणि रिव्हेटांपर्यंत लाइनिंग जेमतेम उरले होते. कॅमचे झाकण कोरडे होते. सील कडक झालेले होते आणि ओ-रिंग तर फ्लायव्हीलला चिकटून तिचे तुकडेच निघाले, म्हणजे गेल्या वर्षीच्या कामात ती बदललीच नव्हती. एंड प्ले ०.१८ मिलिमीटर भरला. शिम बदलून तो ०.१० वर आणला. ग्लँड नट आम्ही अपेक्षा केली होती त्यापेक्षा फारच सहज सुटला, त्यामुळे पिनांची भोके काळजीपूर्वक पाहिली. सुदैवाने ती गोल आहेत. बेलहाउसिंगमध्ये घासल्याचे चट्टे नाहीत. फ्लायव्हील वागळे इस्टेटमध्ये दोन्ही पृष्ठे सारखी कापून घेतले. सूचना कागदावर लिहून दिली होती, तिथल्या कारागिरांनी ती वाचून, "हे तुम्हाला कोणी सांगितले?" असे विचारले.

बसवले ते असे: मूळ दर्जाची २०० मिलिमीटरची, कडी असलेली प्रेशर प्लेट, स्प्रिंगांची ऑरगॅनिक क्लच प्लेट, नवे रिलीज बेअरिंग, सील, ओ-रिंग, केबल आणि बाउडन ट्यूब. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत, २५ न्यूटन-मीटरला आवळले. पेडल पूर्वीपेक्षा हलके झाले आहे. पहिले काही दिवस प्लेट बसण्यासाठी सावकाश चालवली आणि काल चार माणसे घेऊन गायमुख चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, क्लच घसरला नाही आणि वासही आला नाही.

एकच गोष्ट खटकते. सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्समध्ये पार्किंगच्या चढावर घेतली की क्लच थरथरतो. गरम झाल्यावर थरथर कमी होते. हे नव्या प्लेटमुळे असेल, की फ्लायव्हील वाकडे कापले गेले असेल?

लेथवाला, वागळे इस्टेट

फ्लायव्हीलवर संशय घेण्यापूर्वी बाउडन ट्यूब पाहा. ती सरळ ताणलेली नसावी. मध्ये २५ ते ४५ मिलिमीटर झोळ हवा. इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या रबरांवर हलतात, तेव्हा तो झोळ ती हालचाल गिळतो. झोळ नसेल तर प्रत्येक हालचाल केबलला ओढते, केबल क्लच उघडते-मिटते, आणि त्यालाच आपण थरथर म्हणतो. झोळ कमी भरला तर ट्यूबच्या टोकाशी, ब्रॅकेटच्या बाजूला, वॉशर घालून तो वाढवा आणि मोकळी चाल पुन्हा जुळवा. गिअरबॉक्सच्या पुढच्या रबरावरही नजर टाका.

कोलशेतकर ६३

झोळ जेमतेम १० मिलिमीटर होता. तीन वॉशर घातल्यावर ३० झाला, पेडलची चाल पुन्हा १५ वर आणली. आज सकाळी गाडी थंड असतानाच रिव्हर्समध्ये रॅम्प चढवली, थरथर नाही. पुढचे रबर चिरलेले आहे, ते मागवले आहे.